आठवड्यातला एक तास : खेड्यातील गृहशुश्रूषेची घडी कशी बसवावी

आठवड्याचे १६८ तास होतात. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या घरी परिचारिका, आशाताई किंवा एखाद्या संस्थेची कार्यकर्ती आठवड्यातून एकदा गेली आणि पूर्ण तासभर थांबली, तरी उरलेले १६७ तास त्या माणसाला घरची सून, लेक, म्हातारा जोडीदार किंवा शेजारीणच सांभाळत असते. गृहशुश्रूषेच्या कामात सुधारणा करायची म्हटली की बहुतेक ठिकाणी भेटींची संख्या वाढवण्याचा विचार आधी होतो. विदर्भातील खेड्यांत काही वर्षे हे काम केल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, भेटी वाढवण्यापूर्वी त्या एका तासाचा उरलेल्या तासांना किती उपयोग होतो, हे तपासावे. पुढील लेख लकवा झालेले, कर्करोगाचे, मोडलेल्या मांडीचे किंवा केवळ वयाने थकलेले रुग्ण घरी सांभाळणाऱ्या लहान गटांसाठी आहे. असा गट समुदाय आरोग्य अधिकारी आणि आशाताईंचा असेल, संस्थेचा असेल किंवा गावातल्या चार बायांनी एकत्र येऊन केलेला असेल.

घरांची यादी आणि गरजेची प्रतवारी

पहिले काम यादीचे. उपकेंद्राच्या नोंदवह्या, आशाताईंची माहिती आणि ग्रामपंचायतीकडील निराधार व दिव्यांग लाभार्थ्यांची यादी एकत्र ठेवून गावनिहाय एकच यादी करावी. या तिन्ही याद्यांत नसलेली दोन-तीन घरे प्रत्येक गावात निघतात, आणि बहुधा तीच सर्वांत अडचणीची असतात. म्हणून यादी झाल्यावर प्रत्येक वस्तीतून एकदा पायी फिरून यावे.

त्यानंतर प्रत्येक घराबाबत तीनच प्रश्न विचारावेत. रुग्ण स्वतः कूस बदलू शकतो का? दिवसा घरात त्याच्याजवळ कोणी असते का? जखम, नळी किंवा आटोक्यात न आलेली वेदना आहे का? ज्या घरी दोन किंवा तीन उत्तरे वाईट येतात त्याच्या नावापुढे लाल खूण, एक उत्तर वाईट आले तर पिवळी आणि एकही नसेल तर हिरवी करावी. आजाराचे नाव या प्रतवारीत मुद्दामच घेतलेले नाही, कारण एकच आजार असलेल्या दोन घरांची गरज एकमेकांपासून फार वेगळी असू शकते.

याचा हिशेब करून पाहावा. ३० रुग्णांना सरसकट आठवड्याला एक याप्रमाणे ३० भेटी लागतात. त्यांत ६ लाल, १० पिवळे आणि १४ हिरवे असतील, आणि लाल घरी आठवड्यातून दोनदा, पिवळ्या घरी एकदा व हिरव्या घरी पंधरवड्यातून एकदा जायचे ठरवले, तर १२, १० आणि ७ मिळून २९ भेटी होतात. मनुष्यबळ तेवढेच राहते, परंतु ज्याची पाठ सोलायला लागली आहे त्याच्याकडे आठ दिवस कोणी फिरकलेच नाही, असे होत नाही. खुणा दर महिन्याला पुन्हा तपासाव्यात. हिरव्या घराची सून माहेरी गेली की तेच घर त्या दिवसापासून पिवळे होते.

वेळापत्रक वावराच्या हंगामाप्रमाणे

सरकारी कामाची वेळ आणि घरात माणूस सापडण्याची वेळ यांचा खेड्यात मेळ नसतो. पश्चिम विदर्भात सप्टेंबरअखेरीस आणि ऑक्टोबरमध्ये सोयाबीनची सोंगणी चालते, त्याच्यामागून कापसाची वेचणी सुरू होऊन ती जानेवारीपर्यंत आणि कधी त्याच्याही पुढे लांबते. पूर्वेकडे भंडारा, गोंदिया, गडचिरोली या धानाच्या भागात जुलै-ऑगस्टमध्ये रोवणीला सगळे घर बांधीत उतरलेले असते. जंगलालगतच्या गावांत मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचण्यासाठी बाया पहाटेच बाहेर पडतात आणि मे महिन्यात तेंदूपत्त्याचे काम असते. अशा दिवसांत सकाळी अकराला घरी गेलेल्या कार्यकर्तीला कडी लावलेले दार आणि आत बाजेवर एकटा पडलेला रुग्ण भेटतो. तिने जखम धुतली आणि औषध दिले तरी शिकवायचे कोणाला, हा प्रश्न उरतोच, आणि तो तास मुख्य कामासाठी वाया गेलेला असतो.

म्हणून वर्षाच्या आरंभी प्रत्येक गावाची कामाची दिनदर्शिका गावातल्या बायांना विचारूनच लिहून काढावी. हंगामात लाल घरांच्या भेटी सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी मजूर परतल्यावर ठेवाव्यात आणि त्याबदल्यात कार्यकर्तीला दुपारची सुटी द्यावी. जास्तीचा वेळ तिच्याकडून फुकट काढून घेऊ नये. आठवडी बाजाराच्या दिवशी त्या गावी जाऊ नये. उन्हाळ्यात चंद्रपूर, नागपूर, अकोल्याकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा सकाळी दहानंतरची फेरी रुग्णाच्या आणि कार्यकर्तीच्या दोघांच्याही हिताची नसते. पावसाळ्यात नाल्यांना पूर येऊन तुटणाऱ्या गावांची यादी वेगळी ठेवावी. पर्लकोटा नदीच्या पुराने भामरागडचा संपर्क तुटतो हे सर्वांना ठाऊक आहे, परंतु एका लहानशा नाल्यामुळे तीन दिवस अडकून पडणारे पोड किंवा टोला, म्हणजे लहान वस्ती, आपल्याही यादीत असतेच. अशा घरी जूनच्या पहिल्या आठवड्यातच महिन्याभराची औषधे आणि जखमेचे साहित्य पोचवून ठेवावे.

फेरीचा मार्ग ठरवताना एका एसटी रस्त्यावरची गावे एकाच दिवशी घ्यावीत आणि प्रवासाचे तास एक महिना प्रामाणिकपणे लिहावेत. आमच्या गटाने ते लिहिले तेव्हा कळले की सगळ्यांत जास्त वेळ रुग्णांच्या घरी न जाता फाट्यावर बसची वाट पाहण्यात जात होता. गावांचे दिवस आपसांत अदलून-बदलून घेतल्यावर त्यातला बराच वेळ वाचला.

झोळी

भेटीला निघताना पिशवी भरणे ही वेळ वाया घालवण्याची हमखास जागा आहे. पिशवी आदल्या संध्याकाळी भरावी आणि प्रत्येक वस्तूला ठरलेला कप्पा असावा. म्हणजे जी जागा रिकामी दिसेल तीच वस्तू संपली आहे, हे न मोजता कळते. रक्तदाबाचे यंत्र, थर्मामीटर, ग्लुकोमीटर व पट्ट्या, हातमोजे, गॉज, चिकटपट्टी, कात्री, साबण, टॉर्च आणि वही एवढे पुरते. ग्लुकोमीटरच्या पट्ट्या उष्णतेने आणि दमटपणाने खराब होतात, म्हणून त्यांच्या डबीचे झाकण उघडे ठेवू नये आणि डबी मोटारसायकलच्या डिकीत उन्हात पडू देऊ नये.

भेटीचा क्रम

घरात शिरल्यावर आधी साबणाने हात धुवावेत आणि ते घरच्यांना दिसतील असे धुवावेत. मग बसावे. "कसे आहात?" या प्रश्नाला खेड्यात "बरं आहे" याखेरीज उत्तर मिळत नाही, त्याऐवजी "काल रात्री किती वेळा जाग आली? काल काय काय खाल्लं? शौचाला केव्हा झाली?" असे विचारले की खरी स्थिती समजते. वेदना किती, हे विचारताना रुपयाची भाषा चालते. सर्वांत जास्त वेदना म्हणजे सोळा आणे धरली तर आज किती आणे आहे, असे विचारले तर निरक्षर म्हातारीसुद्धा अचूक सांगते आणि मागच्या भेटीशी तुलना करता येते.

त्यानंतर पाहावे, आणि पांघरूण बाजूला करूनच पाहावे. अंथरुणातल्या जखमा, म्हणजे शय्याव्रण, हा गृहशुश्रूषेतला सर्वांत मोठा टाळता येण्याजोगा त्रास आहे, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. माकडहाड, कमरेचा बाजूचा उंचवटा, टाचा, घोटे, कोपरे, खांद्याची पाती आणि डोक्याची मागची बाजू या जागा प्रत्येक भेटीत तपासाव्यात. लाल झालेल्या जागेवर बोट दाबून उचलल्यावर लाली क्षणभरही फिकी पडत नसेल, तर जखमेची सुरुवात झाली आहे असे समजावे. सावळ्या त्वचेवर लाली दिसत नाही. तिथे आजूबाजूच्या कातडीपेक्षा ती जागा गरम, थंड, कडक किंवा लिबलिबीत लागते का, हे हाताने पाहावे लागते. अशी जागा चोळू नये. तेल लावून जोराने मालिश करण्याची पद्धत आपल्याकडे मायेपोटी चालते, पण त्या मालिशीने आतले नाजूक झालेले मांस अधिक दुखावते. मधे भोक असलेली गोल चुंबळ किंवा रबरी कडे खाली ठेवल्याने कडेच्या भागावर दाब येऊन रक्तपुरवठा आणखी कमी होतो, म्हणून तेही टाळावे.

कूस साधारणपणे दर दोन तासांनी बदलावी. पूर्ण कुशीवर न वळवता पाठीमागे जुन्या लुगड्यांची घट्ट गुंडाळी देऊन अर्धवट कलते ठेवले, की कमरेच्या हाडावरही भार येत नाही. पोटरीखाली उशी देऊन टाचा अधांतरी ठेवाव्यात. दोरीची बाज मधोमध झोळासारखी खचलेली असेल तर माकडहाडावर सगळा भार येतो; ती ताणून घ्यावी, किंवा वर फळी टाकून त्यावर जाड गादी घालावी. हवेची गादी उत्तम, परंतु तिचा पंप विजेवर चालतो. रात्री वीज गेली आणि गादी बसली, तर रुग्ण नुसत्या फळीवर निजल्यासारखाच होतो, म्हणून हवेची गादी असलेल्या घरीही कूस बदलणे थांबवता येत नाही.

जखम झालीच असेल तर अर्धा लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक लहान चमचा मीठ घालून त्या पाण्याने ती धुवावी, स्वच्छ गॉज ठेवावे आणि हळद, राख, हायड्रोजन पेरॉक्साइड यांपैकी काहीही आत भरू नये. दुर्गंधी, काळे पडलेले मांस, भोवताली पसरणारी सूज किंवा ताप दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. खर्ऱ्यामुळे, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या मिश्रणामुळे, तोंडाचा कर्करोग झालेल्यांच्या गालावरील जखमांत पावसाळ्यात माश्यांमुळे अळ्याही पडतात. घरचे लाजेने सांगत नाहीत, त्यामुळे आपणच न संकोचता विचारावे.

भरवणे आणि लघवीची नळी यांबाबत थोडक्यातच सांगतो. भरवताना रुग्णाला बसते करावे किंवा पाठ चांगली उंच करावी आणि नंतर अर्धा तास तसेच ठेवावे. लकवा झालेला माणूस पाण्याच्या घोटाला ठसकत असेल तर जबरदस्तीने पाजू नये आणि डॉक्टरांना विचारावे. लघवीची पिशवी कायम मूत्राशयाच्या खालच्या पातळीवर असावी, पण जमिनीला टेकू नये, आणि काठोकाठ भरण्याची वाट न पाहता रिकामी करावी.

या सगळ्यात कार्यकर्तीने स्वतः किती केले यापेक्षा घरच्यांकडून किती करवून घेतले, हे महत्त्वाचे मानावे. पहिल्या भेटीत तिने करावे आणि घरच्यांनी पाहावे, दुसऱ्या भेटीत दोघींनी मिळून करावे, तिसऱ्या भेटीत घरच्या माणसाने करावे आणि तिने हात मागे बांधून उभे राहावे. या तिसऱ्या भेटीला वेळ जास्त लागतो आणि कार्यकर्तीचा संयम सुटतो, तरीही ती टाळू नये. आणखी एक गोष्ट: शिकवण्यासाठी केवळ सुनेलाच पुढे बोलावण्याची सवय आपणही मोडली पाहिजे. बाजेवर बाप पडलेला असताना मुलगा ओट्यावर बसून ऐकत असतो. त्याला आत बोलावून, कूस बदलायला दोन माणसे लागतात, एवढे साधे कारण सांगितले की तो येतो.

खिळ्यावरची वही

प्रत्येक घरी एक वही खिळ्याला टांगलेली असावी आणि ती रुग्णाच्या घरचीच असावी. डाव्या पानावर कार्यकर्तीने तारीख, निरीक्षण आणि पुढच्या भेटीपर्यंत करायच्या दोन किंवा फार तर तीन गोष्टी लिहाव्यात. सात सूचना दिल्या की एकही पाळली जात नाही. उजव्या पानावर घरच्यांनी कूस बदलल्याच्या, औषधाच्या आणि शौचाच्या खुणा कराव्यात. लिहिता-वाचता न येणाऱ्या घरात सूर्य, चांदणी, गोळी आणि बाज अशी चित्रे काढून त्यांपुढे रेघ मारायला सांगावे. रात्री-अपरात्री १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी लागली, तर हीच वही रुग्णासोबत दवाखान्यात पाठवावी. चालू औषधांची यादी पहिल्या पानावर असली की तिथल्या डॉक्टरांचा बराच वेळ वाचतो.

वहीतले लिहिलेले आणि घरात घडणारे यांत फरक पडू शकतो, हे मात्र विसरू नये. एका मे महिन्यात आमच्याकडील एका आजींची साखर काही केल्या उतरेना. वहीत इन्सुलिनच्या खुणा रोजच्या रोज होत्या, मी भेटी वाढवल्या, खाण्यावरून सुनेला दोनदा बोललोही. तिसऱ्या आठवड्यात इन्सुलिनची बाटली दाखवा म्हटले, तेव्हा ती पत्र्याच्या पेटीतून निघाली. पोरांच्या हाती लागू नये म्हणून सुनेने ती तिथे जपून ठेवली होती आणि वर टिनाचे छत तापत होते. बाटली कुठे ठेवली आहे, हे पहिल्याच दिवशी पाहायला हवे होते, आणि चूक सर्वस्वी माझी होती. फ्रिज नसलेल्या घरी इन्सुलिनची बाटली बंद प्लास्टिकच्या डबीत घालून, ओल्या वाळूत ठेवलेल्या लहान मडक्यात सावलीला ठेवावी. बाहेर काढलेली बाटली साधारण चार आठवड्यांत वापरून संपवावी. त्या दिवसापासून आमच्या क्रमात "औषध कुठे ठेवता, ते दाखवा" हे वाक्य कायमचे आले.

काय मोजावे

भेटींची संख्या मोजणे सोपे असते, म्हणून अहवालांत तीच भरलेली असते. एव्हेडिस डोनाबेडियन यांनी १९६६ साली आरोग्यसेवेची गुणवत्ता साधने, प्रक्रिया आणि परिणाम अशा तीन अंगांनी पाहावी, अशी मांडणी केली. लहान गटाने या तिन्हींतून मिळून पाचच आकडे ठेवावेत: या महिन्यात किती रुग्णांना नवी जखम झाली, किती जणांची वेदना आठ आण्यांच्या वर राहिली, ठरलेल्यांपैकी किती भेटी चुकल्या, घरून निरोप आल्यापासून कोणी पोचेपर्यंत किती तास गेले, आणि किती घरांत निदान दोन माणसांना कूस बदलणे व जखम धुणे स्वतः करता येते.

ठरलेल्या दिवसांच्या भेटी आणि काटेकोर नोंद यांनी काय साधते, याचे उदाहरण विदर्भातच आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत स्थानिक स्त्रियांना नवजात बाळांच्या घरच्या काळजीचे प्रशिक्षण दिले. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटलेला दिसला. पुढे देशभरच्या कार्यक्रमात दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी आशाताईच्या भेटी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी ठरल्या. तिथे विषय बाळांचा होता, आपला म्हाताऱ्यांचा आणि दुखणाईतांचा आहे; परंतु कोणत्या दिवशी जायचे, काय पाहायचे आणि काय लिहायचे हे आधीच ठरलेले असल्याने कार्यकर्तीची शक्ती ठरवण्यात खर्च होत नाही, ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच लागू पडते.

बदल एका घरी, मग पाच घरी

आकड्यांतून दोष दिसला की सगळ्या गावांत एकदम नवा नियम लावण्याचा मोह होतो. त्याऐवजी बदल आधी एका घरी आठवडाभर करून पाहावा, जमला तर पाच घरी, मग सर्वत्र. निरोपासाठी आम्ही मिस्ड कॉलची पद्धत ठरवली, तेव्हा पहिल्याच दोन घरांत ती फसली; एका घरी रिचार्ज संपलेला असे आणि दुसऱ्या वस्तीत मोबाइलला रेंजच नव्हती. तिथे संध्याकाळच्या सामुदायिक प्रार्थनेला येणाऱ्या गुरुदेव सेवा मंडळाच्या मंडळींकडे निरोप ठेवण्याची सोय केली आणि ती टिकली. मिस्ड कॉलची पद्धत सर्व गावांना एकदम लावली असती, तर ती फसल्याचे कळायलाच दोन महिने गेले असते.

यासाठी आठवड्यातून एकदा पाऊण तासाची बैठक पुरते. पहिली दहा मिनिटे लाल घरांची, पुढची दहा चुकलेल्या भेटींची, आणि उरलेला वेळ एकाच चुकीचा. चूक सांगणाऱ्या बाईला त्या बैठकीत कोणी बोल लावू नये, हा नियम प्रमुखाने स्वतःची चूक आधी सांगून पाळावा. इन्सुलिनच्या बाटलीची गोष्ट मी अशाच बैठकीत सांगितली आणि पुढच्या आठवड्यात तिघींनी आपापल्या गोष्टी काढल्या.

घरच्यांचा विसावा आणि हक्काची मदत

सांभाळणारी बाई थकली की शुश्रूषा ढासळते, आणि ती थकल्याचे ती स्वतः सांगत नाही. केरळातील मलप्पुरम आणि आसपासच्या जिल्ह्यांत प्रशिक्षित स्वयंसेवकांनी आठवड्यातले काही तास आपल्या शेजारच्या रुग्णांना द्यायचे, या पायावर वेदनाशामक शुश्रूषेचे मोठे जाळे उभे राहिले. आपल्याकडे बचत गट आहेत. गटातील दोघींनी आठवड्यातून एक दुपार लाल घरी बसायचे ठरवले, तर त्या घरची बाई निदान बाजाराला किंवा स्वतःच्या दुखण्यासाठी दवाखान्यात जाऊ शकते. वेचणीच्या दिवसांत एका दुपारची मजुरी बुडते, हे विसरून ही विनंती करू नये. त्या काळात घरी राहणाऱ्या वयस्क स्त्रियांची आणि शाळा सुटल्यावर मोकळ्या होणाऱ्या अंगणवाडी सेविकांची मदत अधिक व्यवहार्य ठरते.

संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ योजनांचे अर्ज, दिव्यांगांचे यूडीआयडी कार्ड आणि हयातीचा दाखला ही कामे भेटीच्या वहीत वेगळ्या पानावर नोंदवावीत, कारण बाजेवरचा माणूस तहसीलला जाऊ शकत नाही आणि अनुदान खंडित झाले की पहिल्यांदा औषध बंद होते. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही राष्ट्रीय मदतवाहिनी आणि आरोग्यसल्ल्यासाठीचा १०४ हा क्रमांक वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर ठळक लिहून ठेवावा.

साहित्याची फिरती नोंद

हवेची गादी, कमोडची खुर्ची, वॉकर आणि चाकाची खुर्ची या वस्तू गटाच्या मालकीच्या असाव्यात आणि एका जाड वहीत प्रत्येक वस्तूचे स्वतंत्र पान असावे: कोणत्या गावी, कोणाच्या घरी, कोणत्या तारखेला गेली आणि कोणत्या अवस्थेत परत आली. रुग्ण गेल्यावर लगेच वस्तू मागायला जाऊ नये. तेरवी झाल्यानंतर आठवडाभराने एक भेट केवळ घरच्यांसाठी ठेवावी, त्यांच्याजवळ बसावे, उरलेली औषधे, विशेषतः वेदनेच्या गोळ्या, मोजून परत घ्याव्यात, आणि निघताना गादीचा विषय काढावा. गादी साबणाच्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावी, पंप दोन तास चालवून पाहावा, कुठे हवा जात असेल तर सायकलच्या दुकानातून ठिगळ लावून घ्यावे आणि त्या पानावर पुढच्या घराचे नाव लिहावे.